ढोमणे काकांचा गंज

हिंदी मुलखात बीरगांवच्या शाळेत शिकवायची नोकरी लागली आणि खोली बघायला गेले तेव्हा घरमालक अंगणात एका लोखंडी माणसाच्या गुडघ्याला भिंग लावून बसले होते आणि त्याला शिव्या देत होते. माणूस चांगला सात फुटी होता. छाती जुन्या कूलरच्या पत्र्याची, डोकं गिझरच्या टाकीचं. मी खाकरले तर घरमालकांनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, इथं पाणी थांबते का?" मी म्हटलं, कुठं? "गुडघ्याच्या मागं. पाणी थांबत नाही तर गंज काहून धरीन? रिजेक्ट." त्यांनी खिशातला खडू काढून गुडघ्यावर फुली मारली आणि मग मला खोली दाखवली.

हे ढोमणे काका. मूळचे वर्ध्याकडचे, उभी नोकरी जवळच्या उरला गावातल्या सळयांच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. सळईला गंज दिसला की फुली, माल परत. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेना. काकूंच्या पोळ्या, भाजीवाल्याचे पेरू, माझी बादली, सगळ्यांवर फुल्या पडत. पोळीवर खडू चालत नाही म्हणून ते बोटानं हवेतच फुली काढत आणि मग तीच पोळी मुकाट्यानं खात.

लोखंडी माणूस एका इंग्रजी सिनेमातला होता. काकांनी तो तरुणपणी शहरातल्या टॉकीजमध्ये पाहिला होता. सिनेमाचं नाव त्यांना आठवत नव्हतं आणि गोष्ट तर तेव्हाही कळली नव्हती. एवढंच लक्षात होतं की शेवटी सगळे लोक निघून जातात आणि हा यंत्रमानव एकटाच उघड्यावर गंजत उभा राहतो. "तो गंज खोटा होता मॅडम," काका सांगत. "मी पाहता बरोबर ओळखलं, रंग मारला हाय म्हणून. तरी मले रडू आलं. खोट्या गंजानं मले रडवलं, म्हंजे काय झालं?" बायको शेजारीच होती, तिला विचारा, असंही ते म्हणत. काकू म्हणायच्या, "मी तं झोपली होती."

तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं. तो यंत्रमानव तसाच्या तसा घरी उभा करायचा आणि त्यावर असा गंज रंगवायचा की गंज ओळखण्यात जन्म गेलेला माणूस, म्हणजे ते स्वतः, फसला पाहिजे. पत्रे जोडायचं काम चटकन झालं. गंज काही जमेना. गेरू, चहाची पूड, लाकडाचा भुसा आणि डिंक कालवून ते स्पंजानं थरावर थर देत, सकाळी उठून भिंग लावत आणि फुली मारत. शहरात तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा त्यांचा मुलगा रविवारी यायचा आणि कपाळावर हात मारायचा. "पापा, लोग जंग छुड़ाते हैं, आप लगा रहे हो." काका त्याच्याकडे बघत आणि हवेत बोट फिरवत.

दोन वर्षांच्या खटपटीनंतर पाय, छाती आणि एक खांदा काकांच्या मनासारखा झाला. तेवढ्यात दिवाळी आली, आणि त्याच वेळी नागपूरला कुणाची तरी तेरवी निघाली. काका गेले. काकूंनी साफसफाई काढली. पंखे झाले, डबे झाले, देवाची भांडी झाली. मग अंगणात हा गबाळा उभा दिसला. चिंच आणि राख घेऊन त्यांनी त्याला मन लावून घासलं, जिथं निघेना तिथं चंदेरी रंग मारला, कपाळाला कुंकू लावलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली. मी शाळेतून आले तेव्हा तो नवरदेवासारखा चमकत होता आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका काकूंचं कौतुक करत होत्या.

काका आले. फाटकातच थांबले. काकूंनी विचारलं, "बरा दिसते ना?" काका म्हणाले, "हव, बरा दिसते." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "बेटा, पोळी खाल्ली त्याईनं. फुली नाही मारली. आता मी काय करू?" त्या बाईला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी त्या स्वतःच गेरू कालवायला बसल्या. काकांनी डाव्या कोपराकडे बोट दाखवलं. तेवढा एक कोपर काकूंना मिळाला. बाकीच्या अंगावर काकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग एका सकाळी अंगणात आरडाओरडा झाला. "याच्यावर पाणी कोणं सांडलं? कोपराले खराच गंज धरून राहिला." काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तो मीनं काढला." काकांनी भिंग लावलं, नखानं खरवडलं, वास घेतला, शेवटी जीभ लावून पाहिली. चहा लागला. ते तिथंच ओट्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "कसा काढला?" "न्हाणीतल्या बादलीची कडी पाहून. रोज घासतो मी ते, मले नाही माहीत?" त्या दिवशी काकांनी पाऱ्यात पेढे वाटले. कशाचे म्हणून लोक विचारत, आणि ते अभिमानानं सांगत, "मी फसलो."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी चहा घेतला आणि गेले, कुणाला त्रास दिला नाही. माझी बदली झाली होती, त्यामुळे जायला पावसाळा उलटला. मी गेले तर काकू गंज घासायचा खरखरीत कागद, रेजमाल, हातात घेऊन यंत्रमानवापुढे उभ्या. पावसात पत्र्याला खरा गंज धरला होता, आणि काकांच्या गंजावर तो पसरत चालला होता.

"खरा तेवढा घासून टाकतो," काकू म्हणाल्या. "त्याईचा ठेवतो. पण कोणता कोणाचा, मले समजून नाही राहिलं. तू पाय बरं."

मी जवळ जाऊन पाहिलं. खांदा पाहिला, छाती पाहिली. मला काही म्हणता काही ओळखू येईना. मी सांगितलं, "काकू, सगळा काकांचाच आहे."

"खोटं बोलून राहिली तू," काकू म्हणाल्या. मग रेजमालची घडी करून त्यांनी ती माझ्या हातात कोंबली.

"हा तू घेऊन जाय. दिवाळी येऊन राहिली. घरात राहिला तं माझा हात गप नाही राहणार."