उजव्या कडेचं चित्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला तर नाहीच. दादासमोर एकदा तोंड उघडलं होतं, आणि भलतंच काहीतरी बोलून उठलो. आज सांगायला बसलोय खरा, पण सरळ सांगता येईल की नाही, कोण जाणे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहायला सुरतेत, उधन्याला. वडील लवकर गेले, मला दादानंच वाढवलं. तो पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवायचा. मी एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम शिकत होतो. दादा सगळ्यांना सांगायचा, आमचा बापू कारागीर होणार, लूमवर नाही जाणार. मलाही जायचं नव्हतं. तो खडखडाट, त्या गरम शेड — दादाचा डबा द्यायला गेलो तरी मी दारातूनच परत फिरायचो. हे आधीच सांगून टाकतो. का, ते पुढे कळेल.

दुकानात कुणीतरी टाकून दिलेला एक व्हिडिओ गेम मी घरी आणला. दादाच्या मुलांसाठी आणला, पण नाद लागला तो दादाला. सुटीच्या दिवशी बनियनवर मांडी घालून बसायचा आणि रणगाड्यांचा खेळ खेळायचा. माणूस एरवी हसायचा कमी. तेव्हा मात्र पोरासारखा ओरडायचा. फक्त चित्र वाईट होतं. अँटेनाच्या वायरीतून यायचं ना — सगळीकडे मुंग्या, रंग पसरलेले. दादा म्हणायचा, उजवीकडून येणारे रणगाडे दिसतच नाहीत, येऊन मारतात तेव्हाच कळतं.

मला वाटलं, मुंग्यांमुळेच. मी तो गेम उघडला. आत एक पत्र्याची डबी असते, चांगलं चित्र आधी तिच्यात शिरतं आणि मग अँटेनातून खराब होऊन टीव्हीत जातं. डबीच्या अलीकडूनच चित्र काढून घ्यायचं, एक छोटा ट्रान्झिस्टर लावायचा आणि वायर थेट टीव्हीच्या मागच्या व्हिडिओ सॉकेटमध्ये द्यायची. पहिल्यांदा उभ्या रेघा आल्या. दुसऱ्यांदा नुसता काळा पडदा. पुन्हा सोल्डर केलं — आणि चित्र आलं. काय सांगू, खेळातल्या भिंतीची वीट न् वीट मोजता येत होती. वहिनी स्वयंपाक सोडून बघायला आली.

दादा खेळायला बसला. उजव्या कोपऱ्यातून रणगाडा निघाला, स्वच्छ, लखलखीत. दादा डावीकडेच बघत राहिला. मेला.

"उजवी बाजूले काहीच दिखत नही रे, बापू," तो म्हणाला. घरी आम्ही अहिराणीच बोलायचो.

मी त्याच्या उजव्या अंगाला बसलो होतो. चहाचा कप मी त्याच्या खांद्याजवळ धरला. त्यानं मान वळवली नाही. कप थोडा पुढे नेला, आणखी पुढे — वाफ गालाला लागली तेव्हा कुठे तो दचकला.

तेव्हा मला कळलं. नंतर नाही, हळूहळू नाही. त्या क्षणी कळलं. चित्रात काही खोट नव्हती.

आणि मी काय म्हणालो? "टीव्हीनंच काहीतरी शे दादा. देखस मी."

का म्हणालो? घाबरलो म्हणून? घाबरलो होतोच. पण दादासाठी नाही. दादा घरी बसला तर त्याच्या मागावर कोण उभं राहणार, हा हिशेब माझ्या डोक्यात कप खाली ठेवण्याआधीच होऊन गेला होता. मी एकटाच होतो ना कमावता होण्याजोगा.

मग मी तो गेम परत परत उघडत राहिलो. कपॅसिटर बदलला, वायर आखूड केली, जे उघडायची गरज नव्हती तेही उघडलं. दादा दर सुटीला विचारायचा, "व्हयनं का रे?" मी म्हणायचो, एक पार्ट मिळत नाहीये. असं पावसाळाभर चाललं, दिवाळीपर्यंत चाललं. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा आपटायचा; मी मान खाली घालून जेवायचो. त्याच्या कापडात तुटलेल्या धाग्यांच्या रेघा यायला लागल्या. मुकादमानं दोनदा माफ केलं. शेवटी त्यानंच दादाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं आणि मला दुकानातून बोलावून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, लवकर आला असतात तर बरीच वाचली असती. मग जरा चिडूनच विचारलं, इतके दिवस लक्षात कसं आलं नाही?

दादा त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरा भाई टीवी का कारीगर है, साब. उसने बोला, मशीन में खराबी है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं तर तेव्हाच बोलायचं होतं. मी चिठ्ठी घेतली आणि औषधाचं दुकान कुठे आहे ते विचारलं.

लूमवर मला जावं लागलंच नाही. वहिनी साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायला लागली, थोरल्या पुतण्यानं शाळा सोडली. मी दुकानातच राहिलो — पुढे स्वतःचं टाकलं. दादा वहिनीसोबत गावी परतला. आता त्याला उजेड-अंधार तेवढा कळतो.

वर्षातून एकदा मी जातो. ओट्यावर माणसं जमतात, आणि दादा त्यांना न चुकता सांगतो — याची पुरी सुटी त्या मशीनमध्ये जायची, मला नीट दिसावं म्हणून. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. वहिनी चहा आणते. मी बसलेला असतो. ऐकून घेतो.