बेसमेंटमधल्या जॅझ रेकॉर्डी कॉन्डोत नेण्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे. अर्जदार : बापू कर्णिक, निवृत्त इंजिनिअर, एटोबिको. निर्णय देणार : सौ. नलिनी कर्णिक, अर्जदाराच्या पत्नी. मसुदा : मी, निवृत्त क्लार्क.

पार्श्वभूमी अशी की, बापूंनी घर विकलंय आणि महिनाअखेर कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटात, जायचंय. तिथे बेसमेंट नाही. नलिनीवहिनींनी फर्मान काढलं, "एका शेल्फात मावतील तेवढ्या न्या. बाकीच्या देऊन टाका." बेसमेंटच्या चारही भिंती रेकॉर्डींनी भरल्यात आणि बापूंना त्यातली एकही सोडायची नाही.

कचेरीत फाइल बंद झाली की विसरता यायची. आमच्या मंडळाची फाइल बंदच होत नाही. बापू, डेंटिस्ट सबनीस आणि मी दर रविवारी जमून जुन्या जॅझ रेकॉर्डी तपासतो, ग्रेड देतो, आणि दर रविवारी तिच्यात एखादा किस्सा वाढतो.

*

ग्रेडचं असं आहे : सर्वांत वर मिंट, मग निअर मिंट, मग व्हेरी गुड प्लस, मग व्हेरी गुड. त्याखाली गुड. गुड म्हणजे हात लावू नये! मला हे पहिल्याच दिवशी समजलं. कचेरीत माझ्या वार्षिक रिपोर्टात साहेब नेमाने 'गुड' लिहायचे.

एकदा वहिनींनी विचारलं, "अहो, श्रीखंड कसं झालंय?"

बापूंनी वाटी सवयीने दिव्याखाली तिरपी धरली आणि म्हणाले, "व्हेरी गुड प्लस."

"ओरखडा कुठे दिसला?" असं म्हणून वहिनी वाटी उचलून घेऊन गेल्या!

*

डॉक्टर सबनीसांनी क्लिनिक बंद केलं, पण डोक्याला लावायचा दिवा आणि भिंग सोडलं नाही. रेकॉर्ड कडेने धरून ते इतक्या जवळून बघतात की आता हिला 'आ' करायला सांगतील असं वाटतं.

एकदा इथून तासाभरावरच्या केंब्रिज गावी एका आजीबाईंच्या गराज सेलमध्ये, म्हणजे घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, त्यांना एक सुरेख रेकॉर्ड सापडली. डॉक्टर माझ्या कानाशी कुजबुजले, "निअर मिंट! तोंड पाडून उभे राहा."

मी पाडलं. मला सराव आहे.

मग डॉक्टरांनी घासाघीस सुरू केली. कव्हर मळलंय, चरे आहेत, सुई घसरेल, "टेरिबल शेप, मॅडम!" आजीबाई ऐकता ऐकता खजील झाल्या. "असला माल मी कुणाला विकणार नाही," म्हणाल्या, आणि रेकॉर्ड गुडघ्यावर धरून काडकन दोन तुकडे केले! वर तसदी दिल्याबद्दल आम्हाला लेमोनेड पाजलं.

 परतताना एटोबिको आल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "साखर फार होती."

*

बापूंनी एक सॅक्सोफोनची रेकॉर्ड व्हेरी गुडवर उतरवली. का, तर मागून सतत तडतड ऐकू येते. आठवड्याने तीच रेकॉर्ड दुपारी लावली तर स्वच्छ! पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा तडतड. डॉक्टरांनी सुई बदलली, मी वायरी हलवल्या.

शेवटी वरून वहिनींचा आवाज आला, "पोहे झालेत, या!"

मोहरीची फोडणी बरोबर टर्नटेबलच्या डोक्यावर व्हायची. तेव्हापासून आमच्याकडे पोह्यांच्या आधी ग्रेडिंग होत नाही.

*

आता अर्जाकडे. मी कारणं मुद्देसूद मांडली. बापूंच्या मुलीने, मितालीने, अर्ज वाचून एमपीथ्री प्लेअर दाखवला. "बाबा, ऑल धिस फिट्स इन माय पॉकेट."

बापू म्हणाले, "आणि खिसा फाटला म्हणजे?"

वहिनींनी अर्ज वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "आधी इन्स्पेक्शन करते."

*

गेल्या रविवारी वहिनी बेसमेंटमध्ये उतरल्या. स्पीकरांच्या बरोबर समोर बापूंची एकच खुर्ची असते. त्या तीत बसल्या. बापू जिन्याच्या पायरीवर टेकले.

"लावा," वहिनी म्हणाल्या.

बापूंनी एक ट्रम्पेटची रेकॉर्ड लावली, मिनिटभर ऐकवली, सुई उचलली आणि म्हणाले, "निअर मिंट." मग दुसरी काढायला वळले.

"का उचललीत? तो वाजवत होता ना अजून?"

"अगं, ग्रेडिंगला एवढं पुरतं."

"म्हणजे तुम्ही तिघं इतकी वर्षं इथे बसून एकही पुरती ऐकली नाहीत?"

 कचेरीत असा प्रश्न आला की मी फाइल शोधायला उठायचो. इथे सोय नव्हती.

"ठेवा परत," वहिनी म्हणाल्या.

बापूंनी सुई ठेवली. वहिनींनी डोळे मिटले. एक बाजू संपली, बापूंनी न विचारता दुसरी लावली. मधल्या एका संथ तुकड्यात बारीकसा 'टक्' आला. डॉक्टरांना राहवेना. दिवा पेटवून ते पुढे झुकले, "वहिनी, इथे जरासा चरा आहे, म्हणजे ग्रेड..."

वहिनींनी डोळे न उघडता हात वर केला.

"डॉक्टर, गप्प बसा हो. तो बोलतोय ना!"

अर्ज प्रलंबित आहे.