दोन भाऊ आणि बासवाल्या ताई

लॉन्ड्री चालवणाऱ्या ताई तरुणपणी बास गिटार वाजवायच्या, हे गिऱ्हाइकांना सांगूनही पटत नसे. काळे कपडे, डोळ्यांत काजळाचे थर आणि सगळी गाणी थडग्यांची नि धुक्याची. त्यांच्या गॉथिक बँडने एकेकाळी हॉल दणाणून सोडले होते. मग गायक आणि गिटारवाला, दोघे सख्खे भाऊ, एका चालीवरून भांडले. बोलणं बंद झालं, तसा बँडही बंद पडला.

वीस वर्षांनी एका हॉलवाल्याने ताईंना गळ घातली, पुन्हा एकदा वाजवा. ताईंनी थोरल्याला सांगितलं, "धाकटा तयार आहे, तुझंच अडलंय." धाकट्यालाही तेच, फक्त उलटं करून.

तालमीला दोघे लॉन्ड्रीत समोरासमोर आले.

"तू आधी हो म्हणालास ना?" थोरल्याने विचारलं.

"मी? तूच म्हणालास."

दोघांनी ताईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून बासच्या तारा जुळवत होत्या. आधी धाकट्याला हसू फुटलं, मग थोरल्यालाही आवरेना.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. टक्कल पडलेली मंडळी काळ्या कपड्यांत आली आणि मरणाच्या गाण्यांवर मनसोक्त नाचली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी लॉन्ड्री दुपारी उघडली. कान अजून वाजत होते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या हसत विचारत होत्या, "काय म्हणालात?"