तावडेंनी न चाखलेली शाब्ली

हॉटेलात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही, टेबल पुसताना फडक्याला लागूनच येतात. उत्तनच्या रस्त्यावर आमचं मासळीचं हॉटेल आहे, तिथे मी ऑर्डर घेतो. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या तावडेंचे आहेत. तावडे आमचे सर्वांत जुने वेटर, राहायला भाईंदर पूर्वेला. आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. शेठनी शाब्ली नावाची फ्रेंच व्हाईट वाईन मेनूवर आणली, तेव्हा तिची जबाबदारी तावडेंवरच टाकली. शेठचं म्हणणं, जो पीत नाही त्याच्या हातात बाटली सेफ राहते.

*

ट्रेनिंगला एक मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांना ग्लास हुंगायला लावले. म्हणाल्या, हिरवं सफरचंद, लिंबू आणि ओला दगड असा वास येतो. आम्हाला काहीच येईना. तावडे मात्र सगळं वहीत उतरवून घेत होते. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकीण, तारोडीच्या जनाबाई, रिकामे ग्लास न्यायला आल्या. एक सहज नाकाशी धरून म्हणाल्या, "धुतलेल्या पाट्याचा वास हाय."

मॅडमनी पाटा म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग त्यांनीही वही काढली.

*

पहिल्याच गिऱ्हाइकासमोर बूच तुटून बाटलीत पडलं. तावडे शांतपणे आत गेले, चहाची गाळणी घेऊन आले आणि टेबलापाशी उभं राहून त्यांनी वाईन गाळून वाढली. त्या साहेबांनी बायकोला हळूच सांगितलं की फ्रान्समध्ये असंच सर्व्ह करतात. दुसऱ्या बाटलीचं बूच नीट निघालं, तर साहेबांनीच आठवण करून दिली, "भाईसाब, वो छन्नी?"

*

एकदा फ्रीज बंद पडला. वाईन थंड तर हवी, म्हणून तावडेंनी बाटल्या मांदेली माशांच्या बर्फात खुपसल्या. त्या दिवशी एक जाणकार गृहस्थ आले. डोळे मिटून बराच वेळ हुंगत बसले आणि म्हणाले, हिच्यात समुद्राची झुळूक आहे.

"हो सर," तावडे म्हणाले, "अगदी ताजी."

*

कशाबरोबर कोणती वाईन द्यायची, याचा तक्ता मॅडम देऊन गेल्या होत्या. त्यात एकही मासा आमच्या ओळखीचा नव्हता. तावडे तक्ता घेऊन जनाबाईंकडे गेले. त्यांनी तो न बघताच सांगितलं, ज्याच्यावर लिंबू पिळता त्याच्यासंगं द्या, कालवणासंगं न्हाय. तेव्हापासून तळलेल्या बोंबलाबरोबर तावडे शाब्ली आग्रहाने सुचवत. एकाने सुरमईच्या कालवणाबरोबर मागितली, तर त्याला नम्रपणे सांगितलं की दोघांचं पटत नाही, एक काहीतरी ठेवा. त्याने कालवण ठेवलं आणि बाटली परत पाठवली. शेठ दोन दिवस तावडेंशी बोलले नाहीत.

*

तावडेंच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा शेठनी त्यांना जोडीने जेवायला बोलावलं. वहिनींनी माहेरी दारूचे तमाशे बघितलेले, त्यामुळे लग्न ठरतानाच त्यांनी तावडेंना शपथ घातली होती. शेठनी कौतुकाने वहिनींपुढे शाब्लीचा ग्लास ठेवला. वहिनींनी ग्लास जवळ ओढला. म्हणाल्या, दोन वर्षं घरी ह्यांची त्या वहीतली घोकंपट्टी ऐकतेय, एकदा बघते तरी. आणि एक घोट घेतला.

तावडे खुर्चीत पुढे सरकले. इतक्या लोकांना त्यांनी ती वाईन समजावली होती, पण ती कशी लागते ते त्यांना विश्वासाने सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी आणखी एक घोट घेतला. मग ग्लास पूर्ण संपवून नवऱ्यापुढे सरकवला.

"तुमची शपथ तशीच राहू दे," त्या म्हणाल्या. "मला अजून थोडी ओता."