पद्माक्काची गोळी

माझी थोरली जाऊ पद्माक्का रात्रीची गोळी मावळतीच्या आधीच घ्यायची. डॉक्टरांनी झोपताना घ्यायला सांगितली होती. पण आम्ही जैन, दिवस बुडाल्यावर पाण्याचा घोटही घेत नसू. परसात उभी राहून ती हाक मारायची, "रत्ना, तांब्या आण गं, दिस चालला!" गोळी गिळली की म्हणायची, "झालं. आता रातभर कुणाचं भ्या न्हाई."

तिला फेफरं यायचं. लग्नानंतर हे कळलं तेव्हा भावकीतले लोक तिला माहेरी धाडा म्हणत होते. आमच्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ते ऐकलं नाही. सांगलीला हळद घेऊन गेले की ते स्वतः गोळ्यांची बाटली आणत. फेफरं थांबलं.

मग महायुद्ध सुरू झालं आणि विलायतेहून येणारी औषधं महागली, मिळेनाशी झाली. एकदा आप्पा रिकाम्या हातानेच परतले. ओसरीवर टेकत म्हणाले, "लय दिसांत तुला काय झालं न्हाई, पोरी. बरी झालीस आता. कशाला त्या दुकानदाराची भर करायची?"

"व्हय, न्हाईतरी त्या गोळीनं झोपच लय येती," अक्का म्हणाली.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. मी पाण्याची घागर घेऊन आत आले, तर भाकरी करता करता अक्का चुलीवर कोसळलेली. अंग ताठ, उजवा हात विस्तवात. मी ओढून बाजूला काढली.

मिरजेच्या दवाखान्यात आम्ही दोघी पावसाळाभर राहिलो. हात चिघळला, बोटं गेली. त्या खर्चात दोन्ही म्हशी गेल्या, हळद भाव येण्याआधीच विकावी लागली. तेवढ्यात किती वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

डॉक्टरांनी आप्पांसमोरच विचारलं, "गोळ्या कुणी बंद केल्या?" आप्पांची मान खाली गेली. अक्का चटकन म्हणाली, "मीच इसरले, सायेब." डॉक्टर तिला खूप रागावले. तिने ऐकून घेतलं.

ते गेल्यावर आप्पांनी विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"आवं, तुमी बोलणी खाऊन घरात बसला असता. मग सांगलीला गोळ्या आनाया कोन जाईल?"

आप्पा हसले नाहीत. उपरण्याने डोळे पुसले आणि बाहेर गेले.

पुढे भावाभावांच्या वाटण्या निघाल्या. माझे यजमान म्हणाले, "वैनीचं औषध आता दादाच्या खर्चात धरायचं." आप्पा ताडकन उठले. "आदी हिरीजवळचं वावर बाजूला काढा. त्याचं पीक औषधाला. ऱ्हायलेलं वाटून घ्या."

आतून अक्काचा आवाज आला, "पर माझ्या एकटीच्या नावानं नगं. घरात जो आजारी पडंल, त्याला."

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. पोरांनी बाकी सगळी जमीन वाटून घेतली, त्या तुकड्याला कुणी हात लावला नाही. यंदा तिथे हळद लावली आहे, आणि औषध माझ्या दम्याचं आहे.