मिश्री सोडली तो श्रावण

बोईसरच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई रोज सकाळी मागच्या पायरीवर, दांडीहून येणाऱ्या मासळीवाल्या मावशींबरोबर, तंबाखूची मिश्री लावत बसायच्या. माझ्या नवऱ्याच्या मते ते व्यसन होतं, सासूबाईंच्या मते नुसती सवय. ते सिद्ध करायला त्यांनी एका श्रावणात मिश्री सोडली. श्रावणात आमच्याकडे मासे बंद, त्यामुळे मावशीही येईनाशा झाल्या.

पंधरवड्यात घराची दशा झाली. सासूबाईंना भाजी खारट लागे, मी आळशी वाटे आणि नातवंडं उर्मट. "बघ, व्यसन सुटताना माणूस असाच चिडतो," नवरा डॉक्टरच्या थाटात म्हणाला.

श्रावण संपला आणि मावशी बोंबील घेऊन आल्या. त्यांनी मिश्रीची डबी पुढे केली, ती सासूबाईंनी बाजूला सारली आणि तासभर पोट धरून हसत गप्पा मारल्या. त्या दुपारी कालवण खरोखरच खारट झालं होतं, ते त्यांनी मिटक्या मारत खाल्लं.

पुढच्या श्रावणाच्या तोंडावर नवराच मावशींना म्हणाला, "मासे नकोत, पण रिकामी पाटी घेऊन रोज येत जा."

"मंग पाटी तरी कशाला आणू?" मावशी म्हणाल्या.