वकीलसाहेबांचं अपील

माझा धाकटा भाऊ जे बोलतो ते जगात फक्त मला कळतं. आई होती तोवर आम्ही दोघी होतो. त्याचे हातपाय जन्मापासून त्याच्या ताब्यात नाहीत आणि जीभही नाही, पण डोकं असं चालतं की भल्याभल्यांची बोलती बंद व्हावी. लोक त्याला वकीलसाहेब म्हणतात. पदवीबिदवी काही नाही. पण गेली वीस वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत त्याची चाकाची खुर्ची आणि माझं शिलाई मशीन शेजारी शेजारी आहेत, आणि कुणाला कानाचं यंत्र हवं असो की कुणाला नकली पाय, सरकारी मदतीचा अर्ज लिहायला माणसं आमच्याकडेच येतात. तो सांगतो, मी हातातली पँट बाजूला ठेवून लिहिते. अर्ज फेटाळला की तो आधी दोन-चार शिव्या देतो, त्या मी गाळते, आणि मग अपील सांगायला लागतो.

सुनावणीत नातेवाइकांनी अर्जदाराच्या वतीने एक शब्दही बोलायचा नाही, हा नियमही त्यानेच भांडून करवून घेतला. एका आंधळ्या मुलीचा बाप तिला तोंडच उघडू देत नव्हता, त्यावरून त्याचं डोकं फिरलं. चार वर्षं पत्रं लिहिली. माझी बोटं दुखून आली. नियम झाल्याचं कळलं त्या दिवशी त्याने मला दोनदा चहा करायला लावला. मी म्हटलं, "अरे, मग तुझ्या वेळी कोण बोलणार?"

"मला कुठे काय मागायचंय?" तो म्हणाला.

खरंच, स्वतःसाठी त्याने कधी काही मागितलं नव्हतं. मी होते ना.

मग दोन वर्षांपूर्वी माझे कान गेले. म्हणजे अगदी बहिरी झाले नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर झाली आहे, यंत्र लावलं तर हाच गोंधळ मोठ्याने ऐकू येईल, आणि हे वाढतच जाणार. समोरचा नीट बोलणारा असेल तर ओठ बघून भागतं. माझ्या भावाचे ओठ कुठल्याच शब्दाला जागेवर नसतात. घरी येऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कागद घे."

डोळ्यांनी चालणारं यंत्र असतं, त्यासाठी त्याने पहिल्यांदाच स्वतःचा अर्ज सांगितला. पडद्यावर अक्षरं येतात, ज्याच्यावर नजर रोखाल ते उमटतं, आणि वाक्य झालं की यंत्र ते मोठ्याने बोलतं, शिवाय मोठ्या अक्षरांत दाखवतं. एका दुपारी यंत्राच्या कंपनीचा एक माणूस ते नमुना म्हणून घेऊन आला. अर्धा तास माझा भाऊ चुकत होता, चिडत होता. मग यंत्र पहिलं धड वाक्य बोललं.

"ताई, तू जरा आत जा."

मी आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहून ओटा पुसत राहिले, पुसलेलाच परत पुसला. बाहेर ते दोघं हसत होते. चोपन्न वर्षांत माझ्या भावाने माझ्या किंवा आईच्या मदतीवाचून बाहेरच्या कुणाशी गप्पा मारल्या नव्हत्या. मला आनंद झाला आणि रागही आला, खोटं कशाला बोलू? तासाभराने यंत्र परत पिशवीत गेलं. मंजुरी मिळाली तरच ते कायमचं येणार होतं.

अर्जाच्या तपासणीला सरकारी कचेरीतून एक बाई घरी आल्या. तरुण, गोड बोलणाऱ्या, मांडीवर फॉर्म. त्यांनी विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं, मी सांगायचं. नियम सुनावणीचा होता, घरच्या तपासणीचा नव्हता, म्हणून मी सुटलेच. त्याने तोंड उघडायच्या आत माझं वाक्य तयार. अर्ध्यावर कान दगा देत होता, पण मी त्याला ओळखत नाही का? अंदाजाने पुरं केलं. त्याने दोनदा माझ्याकडे डोळे वटारले. मला वाटलं, घाई कर म्हणतोय. बाई म्हणाल्या, "किती छान समजतं हो तुम्हाला यांचं." मी अशी फुलले की विचारू नका. वर चहाही पाजला.

महिन्याने पत्र आलं. अर्जदार बहिणीच्या मदतीने उत्तम संवाद साधतात, सबब यंत्राची गरज आढळली नाही.

मी डोक्याला हात लावून बसले. माझ्या कानांचा डॉक्टरी दाखला जोडला होता, तो कुणी उघडूनही पाहिला नसावा. मी म्हटलं, "माझीच जीभ नडली रे." तो म्हणाला, "अपील." त्या महिन्यात त्याचं बोलणं मला दहातलं सहा कळत होतं. आठवडाभर एकेक वाक्य तीन-तीनदा विचारून मी त्याचं भाषण लिहून काढलं.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या साहेबांनी भाषणाचा कागद उलटापालटा केला आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग हे यांचंच म्हणणं आहे, हे आम्ही कसं धरायचं? यांना बोलू द्या. तुम्ही मागे बसा, मध्ये बोलायचं नाही. नियम आहे."

नियम आहे, हे मला सांगत होते.

तो बोलला. दहा मिनिटं, घामाघूम होऊन, मान मागे जात होती तरी बोलला. कानाला उमगलं नाही तिथे मला पाठ होतं, त्यामुळे मला सगळं कळत होतं. माझ्या बहिणीचे कान जात आहेत. ते गेले की मी जिवंत असेन आणि गप्प असेन. पलीकडचे तिघं टेबलाकडे बघत होते. एकाने घड्याळ पाहिलं. मी तोंडावर पदर दाबून बसले होते.

मग त्या तिघांतल्या एका बाईंनी एक पुठ्ठा पुढे धरला. चार रंगीत चित्रं: कुत्रा, चेंडू, कप, छत्री. बाई मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "कप कुठे आहे? कपाकडे बघा बरं."

माझ्या भावाने छताकडे बघितलं.

त्याने लोकांसाठी सव्वाशेच्या वर अर्ज लिहिले आहेत. तो कपाकडे बघणार होता होय? बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. तो छताकडेच बघत राहिला आणि नियमाचं कलम सांगायला लागला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले.

"बघ ना रे एकदा त्या कपाकडे. माझ्यासाठी बघ."

"बाई, नियम," साहेब म्हणाले.

त्याने कपाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तसं त्याने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

दुसरं पत्र काल आलं. साध्या सूचनांचं आकलन दिसून आलं नाही, सबब यंत्र वापरण्याइतपत समज नाही. निकाल अंतिम, नवा अर्ज पाच वर्षांनी. पहिल्या पत्रात उत्तम संवाद, दुसऱ्यात समजच नाही, आणि दोन्हींखाली शिक्का एकच. मी ते त्याच्यासमोर धरलं, कारण वाचता त्याला येतं. त्याने सावकाश वाचलं.

मग तो काहीतरी बोलला. लहान वाक्य होतं, शेवटी प्रश्नासारखं वर गेलेलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. त्याने परत म्हटलं. मला कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याने ताकद लावून म्हटलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि मला नुसता आवाज आला. आणखी एकदा विचारायचा मला धीर झाला नाही. मी मान डोलावली आणि म्हटलं, "हो रे, हो."

त्याने डोळे मिटले. त्याने जे विचारलं होतं, त्याचं उत्तर हो नव्हतं, एवढं मात्र मला कळलं.